किरकोळ दुखापत

ऊसतोड सुरू झाली की सोनईकडं जाणारा आमचा रस्ता आमचा राहत नाही, ट्रॅक्टरवाल्यांचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक रांगत असतात, मागं ना दिवा ना लाल फडकं, आणि ड्रायव्हरने गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की मागून हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो. शहाणी माणसं उसाचं पाचट अंगावर झेलत गुमान मागं राहतात. मी तेव्हा बारावीत होते, क्लासला उशीर झाला होता, आणि गुमान राहणं मला जन्मापासून जमलेलं नाही. मी स्कूटी ट्रॉलीच्या बाजूनं पुढं काढली आणि समोरून सायकल आली.

सायकलला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या होत्या. मला त्या दिसल्या, त्या कुणाच्या आहेत हेही कळलं, पण ब्रेक लागेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. उठून बसले तेव्हा डांबरावर दूध पसरलेलं होतं आणि कुठून तरी आलेलं कुत्रं ते चाटत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, कारण नंतर लोकांनी मला फार चांगली मुलगी ठरवून टाकलं. पहिल्यांदा आलं ते असं, की स्कूटीचा आरसा फुटला, आता पप्पा ओरडणार.

मग बाबा दिसले. बाबा म्हणजे आमचे दूधवाले. मला दात यायच्या आधीपासून आमच्या घरी त्यांचंच दूध. ते रस्त्याच्या कडेला पडले होते आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलतीकडंच वळलेला होता. ते ओरडत नव्हते. "पोरी, तुला लागलं का गं?" एवढं त्यांनी विचारलं आणि डोळे मिटले.

ऑपरेशन करून त्यांच्या मांडीत स्टीलच्या पट्ट्या घातल्या. पाय वाचला पण आखूड झाला आणि गुडघ्यात वाकेना. सायकल सुटली, आणि सायकल सुटली म्हणजे दूधही सुटलं. माझ्या कोपराला खरचटलं होतं, ते आठवड्याभरात बरं झालं.

दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, तसं ते जातंच. मला नुकतंच अठरावं पूर्ण झालेलं, माझ्याकडं फक्त लर्निंग लायसन, मागं पक्कं लायसनवालं कोणी बसलेलं नाही, चूक बाजूनं गाडी काढलेली. गुन्हा दाखल झाला. पप्पांनी वकील लावून माझा जामीन केला, आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. पप्पांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांशी गोड बोलावं लागतं, त्यामुळं घरी गप्प राहणं ही त्यांची शिक्षा करायची पद्धत आहे.

पण गावाच्या लेखी हे प्रकरण कोर्टात जायच्या आधीच संपलं. बाबांच्या घरच्या ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली. पप्पांनी दवाखान्याचं सगळं केलंच होतं, वर बाबांना टोपी-उपरणं, घरच्या सुनेला साडी, देवापुढं नारळ. मग बाबांच्या मुलाने पप्पांच्या तोंडात साखर घातली आणि पप्पांनी त्याच्या. आमच्याकडं साखर तोंडात गेली की विषय मिटला. त्यानंतर तो काढायचा नाही, हसण्यावारीसुद्धा नाही. जो काढील त्याने खाल्लेली साखर थुंकली असं धरतात. बसलेल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ तसं बोललेही, "आता ह्यो इषय हितंच मिटला. कुनी उकरायचा न्हाई."

बाबा तेव्हा आत खाटेवर होते. त्यांच्या तोंडात साखर घालायची राहिली, हे माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं.

मिटलं हा शब्द आमच्या घरात मग पंख्यासारखा सतत फिरत राहिला. आई शेजारणीला सांगायची, मिटलं बाई एकदाचं. पप्पा दुकानात सांगायचे, मिटवलं. मला वाटायचं, ओट्यावर जे मिटलं ते कोणीतरी कोर्टात जाऊन सांगितलं असेल. पप्पांना वाटायचं, वकिलानं सांगितलं असेल. बाबांच्या मुलाला वाटायचं, ज्याची तक्रारच नाही त्याची केस कसली. कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

बारावी झाली. मला वकील व्हायचं होतं. ही हौस अपघातानंतरची नाही, आधीची आहे. वाद घालण्यात मला घरात कोणी हरवू शकत नव्हतं, म्हणून आईच वैतागून म्हणायची, काळा कोट घाल आणि तिकडं जाऊन भांड. पुण्याच्या एका मोठ्या खाजगी कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि चक्क चांगले मार्क पडले. फीमध्ये सवलत मिळणार होती, होस्टेल मिळणार होतं. गावातून त्या कॉलेजात आजवर कोणी गेलं नव्हतं. पप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते युरियाच्या गोणीबरोबर ऐकवत होते.

फॉर्म भरायला सोनईतल्या नेट कॅफेत गेले. नाव, गाव, जिल्हा. जिल्ह्याच्या यादीत अजून जुनंच नाव होतं, ते निवडलं. शेवटी एक प्रश्न आला. आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद आहे काय किंवा खटला प्रलंबित आहे काय, वाहतुकीच्या गुन्ह्यांसह. खाली दोन गोल, होय आणि नाही.

कॅफेवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. "नाही टाका, ताई. सगळे नाहीच टाकतात."

"पण आहे का नाही ते मला कुठं माहितीय?" मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. म्हणून मी वकिलांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "अगं, तुमचं गावात मिटलं असेल. फिर्यादी सरकार आहे. सरकारला कुणी साखर दिली?" कोर्टाच्या साइटवर नाव टाकून बघ, असंही म्हणाले. मी टाकलं. महाराष्ट्र शासन विरुद्ध, आणि पुढं माझं पूर्ण नाव, पप्पांच्या नावासकट. इतकं मोठं शासन आणि समोर मी एकटी.

मी 'होय'वर क्लिक केलं. हे मी सत्यवादी म्हणून केलं असं पुढं आईने नातेवाइकांत पसरवलं, ते खोटं आहे. मी घाबरले होते. जे मला मोबाईलवर चटकन सापडलं ते कॉलेजला सापडणार नाही का, आणि मग कायद्याच्या कॉलेजातून खोटं लिहिलं म्हणून हाकलून दिलं तर, एवढाच विचार होता. थोडा रागही होता. सगळे नाहीच टाकतात, हे तो ज्या सुरात म्हणाला तो सूर माझ्या डोक्यात गेला.

रात्रीचं जेवण चालू असताना सांगितलं. पप्पा ताटावरून उठले. हात धुऊन परत आले आणि म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?"

"फॉर्ममध्ये विचारलं होतं."

"मिटलेलं उकरून काढलंस तू. आता कॉलेजवाल्यांनी आणखी काही मागितलं तर मी जाणार नाही त्या घरी. मी साखर खाल्लीय."

त्यांनी मागितलंच. कॉलेजकडून मेल आला. भाषा अगदी अदबीची, पण मागणी सरळ होती. अपघाताची हकीकत द्या, खटल्याची सद्यस्थिती द्या, आणि जखमी व्यक्तीचं स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं निवेदन द्या. मुदत थोडी होती. मी वकिलांना विचारलं, दंड भरून मोकळं होता येत नाही का? म्हणाले, येतं, पण मग गुन्हा कबूल केलास असं होतं, आणि तुझ्या फॉर्ममध्ये त्याचाही प्रश्न असेल. होता. तो मी वाचून सोडून दिला होता.

वकिलांनी निवेदन टाइप करून दिलं. छान, गुळगुळीत मराठी. 'सदर अपघातात मला किरकोळ स्वरूपाची दुखापत झाली असून मी आता पूर्णपणे बरा आहे. माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली बाबांच्या अंगठ्याला जागा. म्हणाले, "अंगठा घेऊन ये, नोटरीचं मी बघतो. हे वाचलं की कॉलेजवाले गप्प बसतील."

पप्पा आले नाहीत. आई आणि मी गेलो. बाबांचा मुलगा ओट्यावरच बसला होता. त्याने आईला बसायला पोतं टाकलं, पाणी आणायला सांगितलं, सगळं रीतसर केलं. आईने कागदाचं नाव काढलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"वहिनी, आमी शब्द दिल्ता. चार मानसांत दिल्ता. आता तुमी कागद मागता मंजी आमच्या शब्दावर तुमचा इस्वास न्हाई, आसंच झालं ना?"

"तसं नाही हो, कॉलेजला लागतो."

"कालेजला सांगायला कोन गेल्तं?"

आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "मी सांगितलं, दादा."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं, रागाला उत्तर देता येतं. तो नुसता म्हणाला, "म्हाताऱ्याला इचार. आमी त्याच्या वतीनं एकदा बोल्लो, आता पुन्हा न्हाई बोलनार." आणि उठून गोठ्याकडं गेला.

बाबा आत खाटेवर बसले होते. पाय लांब करून. अपघातानंतर मी त्यांना भेटले नव्हते असं नाही, दवाखान्यात गेले होते, पण तिथं प्रत्येक माणूस आजारीच दिसतो. घरी बघणं वेगळं होतं. खाटेच्या डोक्याशी किटल्या उपड्या ठेवल्या होत्या, घासून लख्ख. सून म्हणाली, आठवड्यातून एकदा घासायलाच लावतात, काय उपयोग आहे त्यांचा आता.

"वाचून दाखिव," बाबा म्हणाले. "मला काय वाचता येतंय."

मी वाचायला लागले. किरकोळपाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुन्हा म्हन."

"किरकोळ स्वरूपाची दुखापत."

बाबा हसले. अपघातानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. "व्हय, किरकोळच हुतं माझं. डेअरीला म्या कदी घातलं न्हाई. लोकं म्हनायची, सगळं एकदम घाल न् मोकळा हो. म्या म्हनलं, न्हाई. दारोदार जाऊन, अर्धा लिटर, पाव लिटर, ज्याला जसं लागंल तसं किरकोळ इकीन." त्यांनी आईकडं बघितलं. "वकिलाला बी ठावं हाय म्हना की, म्या किरकोळ दूध घालायचो ते. कागदावर घातलं त्यानं."

आमच्याकडं दुकानातून सुटं विकतात त्याला किरकोळ म्हणतात, पप्पांच्या दुकानावर तशी पाटीच आहे. बाबांना वाटलं, कागदात त्यांच्या धंद्याचं लिहिलंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते सुनेला म्हणत होते, शाई आन.

आईने माझा दंड धरला. इतका घट्ट धरला की तिला काय म्हणायचंय ते कळलं. अंगठा घे आणि चल. त्या क्षणी मला आईचा मुळीच राग आला नाही, हे मला लिहायलाच हवं. ती माझ्यासाठी धरत होती. मला ते कॉलेज हवं होतं. इतकं हवं होतं की मी त्याच्या वसतिगृहाचे फोटो मोबाईलवर उघडून कुठली खिडकी माझी असेल ते ठरवत बसायचे. आणि बाबा खूश होते. कोणाचंही काही बिघडत नव्हतं.

सुनेने शाईची डबी आणून ठेवली. बाबांनी अंगठा पुढं केला, आणि मला त्यांचा पाय दिसत होता.

"बाबा," मी म्हणाले, "किरकोळ म्हणजे दुधाचं नाही. तुम्हाला थोडंसंच लागलं, असं लिहिलंय."

"थोडं?"

"हो."

त्यांनी हात मागं घेतला. पायाकडं बघितलं, मग किटल्यांकडं. बाहेर त्यांचा मुलगा गुरांवर ओरडत होता. मला वाटलं आता ते मला बाहेर काढतील, आणि काढलं तर बरं होईल असंही वाटलं.

"मंग त्ये खोड," ते म्हणाले.

मी खोडलं.

"आन बरा झालो म्हनलंय त्ये बी खोड. पाय गेला, धंदा गेला, आसं लिव्ह." मी लिहायला लागले. माझं अक्षर इतकं वाईट आलं की मलाच लाज वाटली. "आन लिव्ह, पोरगी चांगली हाय. तिला कालेजात घ्या. म्या सांगतो म्हनून घ्या." त्यांनी खोडलेल्या शब्दाशेजारी एक आणि खाली एक असे दोन अंगठे उठवले, आणि शाईचं बोट धोतराला पुसलं.

निघताना सून दारापर्यंत आली. आईला म्हणाली, "पाय गेला त्ये कुनी लिव्हलं नव्हतं आजवर. पोलिसांनी पन न्हाई. नुसतं हाड मोडलं म्हनून लिव्हलं."

वकिलांनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "असं पाठवायचं नाही. मी नवीन काढतो, माझा माणूस जाईल अंगठा घ्यायला. वाचून दाखवायची काय गरज होती तुला?" पप्पाही त्यांच्या बाजूला होते. तिथं, वकिलांच्या ऑफिसात, त्या घरी पाऊल न ठेवण्याची शपथ विसरून ते म्हणाले की हवं तर मी स्वतः जातो. बिचारे. मला त्यांची फार दया आली आणि त्याच वेळी मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. खाडाखोड केलेला तोच कागद मी स्कॅन करून पाठवला.

कॉलेजचं उत्तर लवकर आलं. आपण माहिती प्रांजळपणे दिलीत याची नोंद समितीने घेतली आहे. तथापि दुखापतीचं गंभीर स्वरूप आणि प्रलंबित खटला पाहता यंदा प्रवेश देता येत नाही. खटल्याचा निकाल लागल्यावर पुन्हा अर्ज करता येईल. 'तथापि'च्या आधी माझं कौतुक होतं आणि नंतर दार बंद. मी ते वाचून रडले नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईने भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या लाटायला बसले, आणि सगळ्या वाकड्यातिकड्या लाटल्या. पप्पा त्या दिवशी निमूट जेवले. वाकड्या पोळ्यांबद्दल काहीसुद्धा बोलले नाहीत, त्यावरून मला कळलं की त्यांना किती लागलंय.

आता मी नगरला बी.ए. करते. मावशीकडं राहते आणि शनिवारी घरी येते. कोर्टाच्या तारखा पडतात. कधी कामकाज चालतं, कधी पुढची तारीख मिळते, आणि मी बाकड्यावर बसून काळ्या कोटांची ये-जा बघत असते. आईची भविष्यवाणी खरी झाली, मी कोर्टात पोचले, फक्त भलत्या बाजूने.

एसटीतून उतरलं की घरी जायला बाबांच्या घरावरूनच रस्ता आहे. ते आता ओट्यावर बसायला लागलेत, काठी भिंतीला टेकवून. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला ते एक गोष्ट सांगतात, मला ती दोघातिघांकडून कळली. "पोरीला कालेजात घेत नव्हते. म्या अंगठा दिला तवा घेतलं. पुन्याला हाय आता." सुनेला खरं माहीत आहे, मुलालाही. त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, पण एवढं एक त्याने माझ्यासाठी केलंय, की बापासाठी केलंय, ते मला ठरवता येत नाही.

मागच्या शनिवारी बाबांनी मला हाक मारली. पिशवी खाली ठेवून मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"कालेज कसं हाय?"

"चांगलं आहे, बाबा."

"लई लांब पडतं न्हाई पुनं? दमत आसशील."

"सवय झाली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तंबाखूचा वास होता, दुधाचा वास केव्हाच गेलाय. मला सांगायचं होतं. खरंच, तोंडापर्यंत आलं होतं. कॉलेजच्या लोकांना मी सगळं खरं सांगितलं होतं, ज्यांचं मी तोंडही बघितलेलं नाही, आणि या माणसाला सांगायला माझी जीभ वळेना. त्यांच्या अंगठ्यानं काम झालं नाही, उलट त्या दोन ओळींनीच माझं पुणं गेलं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं.

"आन त्ये कोर्टाचं?" त्यांनी विचारलं. "त्ये मिटलं ना समदं?"

वकिलांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं की आता साक्षी सुरू होणार. सरकारतर्फे पहिला साक्षीदार जखमी इसम. त्यांना कोर्टात यावं लागेल, आखूड पाय घेऊन पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, आणि त्यांना धडक कोणी दिली असं विचारलं की माझ्याकडं बोट दाखवावं लागेल.

"मिटलं, बाबा," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

समन्स अजून त्यांच्या घरी पोचलेलं नाही.